पासंगाचा दगड

जुलैतला मंगळवार होता. रात्री साडेआठला, म्हणजे शिकागोच्या घड्याळात सकाळी दहाला, मला एका ऑनलाइन बैठकीत वीस मिनिटं बोलायचं होतं. पीएचडीच्या तीन वर्षांतलं माझं हे पहिलंच मोठं सादरीकरण. स्लाइड आदल्या रात्रीच पूर्ण झाल्या होत्या. सातव्या स्लाइडवर तो आलेख होता: न्यूट्रिनोंच्या मोजणीचे काळे ठिपके आणि त्यांच्या मधोमध गेलेली आमच्या मॉडेलची लाल रेघ. सरांनी तो पाहून एकच शब्द पाठवला होता, "सुरेख". सर असं सहजासहजी लिहीत नाहीत. मी तो मेसेज आईला वाचून दाखवला होता.

त्या रात्री तो आलेख मी दाखवला नाही. संध्याकाळीच काढून टाकला होता.

आम्ही कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहतो. आबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहेत. गाळ्यावर गाडी लागली की हमाल गोण्या उतरवतात, आबा काट्यावर उभे राहून वजन पुकारतात आणि वहीत उतरवतात. त्या आकड्यावरून शेतकऱ्याची पट्टी बनते. आकडा चुकला तर जुन्नरच्या किंवा नगरच्या कुणाच्या तरी घरात पैसे कमी पोचतात. माझ्या कामात असा समोर उभा राहणारा शेतकरी नाही, पण काम तेच आहे. मीही वजनंच करते, फक्त माल दिसत नाही.

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजनच नसलेला कण. अब्जावधी न्यूट्रिनो आपल्या अंगातून आरपार जातात आणि पत्ता लागत नाही. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर, १९६५ साली वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या होत्या. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी त्या आहेत, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला नेहमी वाईट वाटतं. न्यूट्रिनोंचे तीन प्रकार असतात आणि ते प्रवासात एकातून दुसऱ्यात बदलत राहतात. १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने हे दाखवून दिलं, त्याचं नोबेल २०१५ साली मिळालं. आता अमेरिकेत ड्यून नावाचा प्रयोग उभा राहतोय. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधून न्यूट्रिनोंचा झोत सोडायचा आणि १,३०० किलोमीटरवर, साउथ डकोटातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल ठेवलेल्या द्रवरूप आर्गॉनच्या टाक्यांत तो पकडायचा. न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिद्रव्यातला जुळा, प्रतिन्यूट्रिनो, सारख्याच पद्धतीने बदलतात की वेगळ्या, हे तिथे तपासायचं आहे. विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का उरलं नाही, या प्रश्नाचा एक धागा तिथे सापडू शकतो.

न्यूट्रिनो किती बदलेल हे दोन गोष्टींवर ठरतं, त्याने कापलेलं अंतर आणि त्याची ऊर्जा. अंतर ठाऊक आहे. ऊर्जा ठाऊक नाही. झोतातले सगळे न्यूट्रिनो एका ऊर्जेचे नसतात, कमी-जास्त सगळ्या ऊर्जांची मिसळण असते. त्यामुळे आदळलेल्या प्रत्येक न्यूट्रिनोची ऊर्जा टक्करीतून बाहेर पडलेल्या कणांवरून मागे मोजत जायचं. आणि टक्कर होते ती अणुकेंद्रकाशी. सगळी गुंतागुंत त्या केंद्रकाच्या पोटात आहे.

केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन स्वस्थ बसलेले नसतात, सतत पळत असतात. त्यातल्या एकाला बाहेर काढायला काही ऊर्जा खर्ची पडते. आबांच्या भाषेत हे बारदान: गोणीचं वजन वजा केल्याशिवाय कांद्याचं वजन कळत नाही. कधी न्यूट्रिनो एकट्या न्यूट्रॉनला धडकतो, कधी बिलगलेल्या जोडीला एकदम उडवतो, कधी डेल्टा नावाचा अल्पजीवी कण बनून त्यातून पायॉन नावाचा आणखी एक कण निघतो. तो पायॉनही कधी बाहेर येता येता केंद्रकातच गिळला जातो, मग बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की इथे साधी थेट टक्कर झाली. जोडीच्या टक्करीला थेट टक्कर समजून गणित मांडलं, तर न्यूट्रिनोची ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी निघते. म्हणून कुठल्या प्रकारची टक्कर किती वेळा होते, हे सांगणारं मॉडेल लागतं. आम्ही त्यासाठी जीनी नावाचा प्रोग्राम वापरतो. त्यातले पॅरामीटर, म्हणजे कमी-जास्त करता येणारे आकडे, मोजमापाशी जुळवणं हे माझं काम. या जुळवणीला आम्ही फिट म्हणतो.

माझ्या फिटने थेट टक्करीचा वाटा वाढवला होता. वाढवला आणि रेघ ठिपक्यांवर बसली. तीन आठवडे मी त्या एका आकड्यावर खूश होते.

मंगळवारी सकाळी पावसाने ठाणे-वाशी गाड्या रखडल्या होत्या, म्हणून मी घरूनच काम करत होते. बैठकीत कुणी तरी नक्की विचारणार, "इलेक्ट्रॉनवर तपासलं का?" म्हणून एक जादा स्लाइड करून ठेवावी असं मनात होतं. खरं तर ही तपासणी मी पॅरामीटरला हात लावण्याआधीच करायला हवी होती.

इलेक्ट्रॉनही केंद्रकावर आदळतो. त्याला विद्युतभार असतो, त्यामुळे तो यंत्राच्या ताब्यात राहतो आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती ते आदळायच्या आधीच नेमकं ठाऊक असतं. हे आमचं ठसा मारलेलं वजन. न्यूट्रिनोच्या टक्करीत दोन भाग असतात, सदिश आणि अक्षीय. इलेक्ट्रॉनच्या टक्करीत त्यातला सदिश भागच येतो. केंद्रक मात्र दोघांना तेच: तेच पळणारे प्रोटॉन, त्याच जोड्या, तेच गिळले जाणारे पायॉन. म्हणून इलेक्ट्रॉनवर पास झालेलं मॉडेल न्यूट्रिनोवर बरोबर असेलच असं नाही. पण इलेक्ट्रॉनवरच नापास झालेलं मॉडेल न्यूट्रिनोवर बरोबर दिसत असेल, तर ते बरोबर दिसण्याचं कारण दुसरंच काही तरी आहे.

या विचारावर एक मोठं काम झालं आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमध्ये क्लास नावाचा डिटेक्टर होता, झोताभोवती सहा फाकांत उघडलेला. १९९९ साली तिथे हीलियम, कार्बन आणि लोखंडावर सुमारे १.१६, २.२६ आणि ४.४५ जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडले होते, वेगळ्याच कामासाठी. वीस वर्षांनी न्यूट्रिनोवाल्यांनी तीच नोंद पुन्हा उघडली आणि झोताची ऊर्जा ठाऊक नाही असं धरून, न्यूट्रिनोच्या प्रयोगात वापरतो त्याच पद्धतीने ती काढून पाहिली. इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा हलकाच घासून जातो, न्यूट्रिनो तसं करत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीला त्या प्रमाणात वजन दिलं. उत्तर तर आधीच हातात होतं! तरीही ज्या टक्करींत पायॉन दिसलाच नाही, म्हणजे ज्या सर्वांत सोप्या, त्यांतल्याही थोड्याच टक्करींतून खरी ऊर्जा निघाली. केंद्रक जड आणि ऊर्जा जास्त, तसा हा वाटा आणखी घटत गेला. मॉडेलंही त्या मोजमापाशी नीट जुळली नाहीत. हा निबंध नोव्हेंबर २०२१मध्ये 'नेचर'मध्ये आला. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. तो वाचूनच मी या विषयात आले, आणि तरी माझ्या स्वतःच्या फिटच्या वेळी ही तपासणी शेवटावर ढकलली. हे मला अजून बोचतं.

सकाळी दहाला मी सगळ्यात साधी परीक्षा निवडली. फ्रान्समध्ये साक्ले इथे कार्बनवर केलेली मोजमापं १९८३ साली प्रसिद्ध झाली आहेत. ५६० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), ६० अंशांवर उडालेला. इलेक्ट्रॉनने किती ऊर्जा गमावली ते आडव्या अक्षावर आणि किती वेळा गमावली ते उभ्या अक्षावर. या आलेखात दोन टेकड्या दिसतात. पहिली दीडशे एमईव्हीच्या आसपास, थेट टक्करीची. दुसरी चारशेच्या अलीकडे, डेल्टाची. मधे दरी. त्या दरीत जोडीच्या टक्करीचा हात मोठा असतो.

जॉब, म्हणजे हे सगळं गणित, क्लस्टरवर, एकत्र जोडलेल्या संगणकांवर, लावला. पाऊण तासाने आकडे आले. आलेख काढला आणि मी खुर्चीत मागे सरकले.

पहिली टेकडी मोजमापाच्या स्पष्ट वर. दरी जवळजवळ रिकामी. ठिपके दरीतून वर वर चालले होते आणि माझी लाल रेघ खाली कोसळली होती.

पहिला तासभर मी स्वतःचीच चूक शोधत होते. कोन अंशांत द्यायचा की रेडियनमध्ये, आर्काइव्हमधली एककं कोणती, ६० अंशांच्या दोन बाजूंना किती रुंद पट्टा घेतला, सगळं तपासलं. मग कार्बन काढून हायड्रोजन घातला. हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन: ना जोडी, ना बारदान. प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवणं १९५०च्या दशकापासून चालू आहे, हॉफस्टॅटर यांना त्या कामासाठी १९६१चं नोबेल मिळालं, इतकं ते घोटलेलं आहे. माझ्या फिटमधला वाढीव आकडा केंद्रकाच्या बाजूचा असल्यामुळे हायड्रोजनला तो लागत नाही. हायड्रोजन चोख जुळला. म्हणजे काटा रिकामा असताना शून्य दाखवत होता. दोष कार्बनच्या पोटातच होता, आणि कार्बनच्या पोटात हात घातला होता तो मी.

त्या क्षणी पोटात खड्डा पडला. साडेबारा वाजले होते. आई म्हणाली, "जेवून घे," मी म्हटलं, "नंतर." ती काही न बोलता ताट झाकून गेली.

आबा तीनला घरी आले. ओली टोपी दारामागच्या खुंटीला लावून चहाला बसले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय गं, गाडी आडली व्हय?"

माझं काम मी आबांना नेहमीच सांगते आणि ते नेहमीच ऐकतात. त्यांना ते सगळं समजावं असा माझा हट्ट नसतो. मी एवढंच सांगितलं, की एका ठिकाणी माझं वजन बरोबर येतंय आणि ठशाच्या वजनाशी लावलं तर चुकतंय.

"एकाच वजनाशी लावलंस का?"

"हो."

"मग पाच लाव, धा लाव, ईस लाव. किती चुकतंय त्ये वजनागणिक वाढतंय का बघ. वाढत आसंल तर तुझी दांडीच आखूड हाय."

हे ऐकताच मला गावचा तराजू आठवला. पाटण तालुक्यातलं आमचं गाव. मी चौथीत होते. भुईमुगाच्या शेंगा घ्यायला एक व्यापारी यायचा, त्याचा दांडीचा तराजू आमच्या पडवीतल्या आढ्याला टांगलेला असायचा. एका पारड्याच्या खाली तारेने बांधलेला दगड होता, लिंबाएवढा. मी विचारलं तर आबा म्हणाले, तो पासंग. पारडी कमी-जास्त असली की समतोल करायला बांधतात, त्यात गैर काही नाही. रिकामा तराजू दाखवून व्यापारी म्हणाला, "बघा, सरळ हाय." आणि दांडी खरंच सरळ होती.

आबा उठले आणि दुकानातून पाच-पाच किलोची दोन वजनं आणली. लोखंडी, पोटात शिशाची गुंडी आणि गुंडीवर सरकारी ठसा. दोन्ही पारड्यांत एकेक ठेवलं. दांडी किंचित कलली, न कलल्यासारखी. मग वीस-वीसची आणून ठेवली. दांडी एका बाजूला सरळ झुकली. आबांनी दोन्ही वजनांची अदलाबदल केली, तरी झुकली ती त्याच बाजूला. म्हणजे वजनं खरी होती, तराजू खोटा होता. दांडीची एक बाजू आखूड होती, आणि रिकामेपणी ते झाकलं जावं म्हणून दगड बांधला होता. पारडी कमी-जास्त असतील तर पासंगाने तराजू कायमचा सुधारतो. दांडी आखूड असेल तर पासंग फक्त एका ठिकाणी दोष लपवतो, आणि ओझं वाढेल तसा तो दोष वाढत जातो. व्यापारी काही बोलला नाही. त्या वर्षी शेंगा आबांनी स्वतः कराडला नेऊन विकल्या.

चहा तसाच टाकून मी उठले.

कार्बनवरच, पण वेगळ्या ऊर्जांची मोजमापं गोळा केली. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतली १९८९ साली प्रसिद्ध झालेली ३७.५ अंशांवरची, ०.९६ आणि १.३० जीईव्हीची. जेफरसन लॅबमधली २.२२ जीईव्हीची, १५.५४ अंशांवरची. एकेक करून सगळी लावली. पाचच्या सुमाराला चार आलेख शेजारी शेजारी उघडून पाहिले. पहिली टेकडी सगळीकडे वर, दरी सगळीकडे रिकामी. पण वरचं जास्तीचं आणि खालचं कमी यांचं एकमेकांशी प्रमाण प्रत्येक ऊर्जेला निराळं. एका ऊर्जेला दोन्ही चुकांची बेरीज जवळजवळ शून्य होत होती, दुसरीला होत नव्हती.

न्यूट्रिनोच्या आलेखात हे दिसलंच नसतं. तिथे झोतात सगळ्या ऊर्जा मिसळलेल्या, त्यामुळे दोन टेकड्या आणि दरी एकमेकांत वितळून एकच गुळगुळीत उंचवटा होतो. माझ्या मॉडेलमध्ये जोडीच्या टक्करी कमी पडत होत्या. फिटने ती तूट थेट टक्करी वाढवून भरून काढली. बेरीज जमली म्हणून रेघ ठिपक्यांवर बसली. मी पासंग बांधला होता.

आणि हे निव्वळ सौंदर्याचं प्रकरण नाही. अशा प्रयोगांना दोन डिटेक्टर असतात, एक झोताच्या उगमाजवळ आणि एक दूर. मॉडेल जवळच्यावर जुळवतात आणि दूरच्यावर वापरतात. पण दूर पोचेपर्यंत काही ऊर्जांचे न्यूट्रिनो बदलून गेलेले असतात, म्हणजे तिथे ऊर्जांची मिसळण वेगळी असते. जवळच्या ओझ्यावर सरळ दिसणारा तराजू दूरच्या ओझ्यावर झुकतो, आणि तो झुकाव कुणाला तरी निसर्गाचा नियम वाटू शकतो. न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनोतला जो फरक शोधण्यासाठी इतकी माणसं आयुष्य घालवताहेत, त्याच्या जागी माझा दगड मोजला गेला असता.

आमच्या क्षेत्रात हे एकदा होऊन गेलं आहे, म्हणून तर माझी जास्त घालमेल झाली. मिनीबून या प्रयोगाने २०१० साली कार्बनवर थेट टक्करी मोजल्या, त्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. जुळवायचं तर अक्षीय वस्तुमान नावाचा पॅरामीटर सुमारे १.०३ वरून १.३५ जीईव्हीपर्यंत वाढवावा लागत होता. ड्यूटेरियमवरच्या, म्हणजे जड हायड्रोजनवरच्या, जुन्या प्रयोगांना हा आकडा मान्य नव्हता. जोडीच्या टक्करी थेट टक्करींत मोजल्या जात असाव्यात, असं फ्रान्समधल्या एका गटाने २००९ सालीच गणित करून दाखवलं होतं. पुढे तेच बरोबर असल्याचं बहुतेकांना पटलं. तिथला वाढवलेला आकडा अक्षीय भागातला, इलेक्ट्रॉनला न दिसणारा. माझा केंद्रकाच्या बाजूचा, म्हणून इलेक्ट्रॉनने तो एका दिवसात पकडला. ही गोष्ट मी स्वतः ज्युनियर मुलांना दोनदा शिकवली आहे.

सहाला सरांना फोन केला. चारही आलेख आधी पाठवले होते. बराच वेळ पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"हायड्रोजन तपासलंस?"

"हो सर. चोख आहे."

"वाढीव आकडा काढून टाकला तर?"

"पहिली टेकडी जागेवर येते. दरी रिकामीच राहते. न्यूट्रिनोचे ठिपके मग वर राहतात."

पुन्हा शांतता. मी म्हटलं, "सर, आजचं बोलणं पुढे ढकलू का?"

"कशाला? तुझ्याकडे आज कालच्यापेक्षा जास्त आहे. सातवी स्लाइड काढ, हे चार आलेख घाल. आणि तो फिट तू कसा केलास ते पहिल्या स्लाइडवर लिही, लपवू नकोस." थोडं थांबून म्हणाले, "सुरेख मी घाईने लिहिलं. ते माझं चुकलं."

ते असं म्हणाले आणि मला रडू आलं. फोन ठेवल्यावर आलं, एवढं बरं.

दोन तासांत स्लाइड बदलल्या. बैठकीत चाळीसएक माणसं होती. मी न्यूट्रिनोचा आलेख दाखवलाच नाही. कार्बनचे चार दाखवले, पहिल्यावर थांबून दरीकडे बोट केलं आणि जे झालं ते झालं तसं सांगितलं. एका बाईंनी विचारलं, की जोडीच्या टक्करींसाठी दुसरं गणित लावून पाहिलं का. नाही, म्हटलं, आज सकाळपर्यंत गरजच वाटली नव्हती. इलेक्ट्रॉनच्या बाजूने काम करणारा एक जण म्हणाला की फक्त उडालेल्या इलेक्ट्रॉनकडे पाहून थांबू नकोस, सोबत निघालेला प्रोटॉनही धर. दोघांचा आडवा संवेग, म्हणजे झोताच्या आडव्या दिशेतला जोर, एकमेकांशी जिथे फिटत नाही तिथेच मॉडेलं सर्वांत जास्त चुकतात. बरोबर होतं त्याचं. मी लिहून घेतलं. अजून एकाने विचारलं ते मात्र मला वर्मी लागलं: "कार्बन ठीक. पण ड्यूनमध्ये तर आर्गॉन आहे ना?"

आर्गॉनवर इलेक्ट्रॉनची मोजमापं फार थोडी आहेत. जेफरसन लॅबमध्येच २०१७ साली त्यासाठी खास प्रयोग झाला, आर्गॉन आणि टायटॅनियम दोन्हींवर. टायटॅनियम का, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं. आर्गॉनच्या केंद्रकात १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन असतात. न्यूट्रिनोची थेट टक्कर न्यूट्रॉनशी होते, तर इलेक्ट्रॉनला प्रोटॉन जास्त स्पष्ट दिसतात. मग आर्गॉनचे २२ न्यूट्रॉन पाहायचे कसे? टायटॅनियमच्या केंद्रकात बरोबर २२ प्रोटॉन असतात. त्यांच्याकडे पाहून त्या न्यूट्रॉनांचा अंदाज बांधायचा. ज्याला थेट तोलता येत नाही त्याच्या जोडीचं, तोलता येईल असं काही तरी शोधायचं. ही युक्ती ज्या कुणाला सुचली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला आहे.

बैठक दहाला संपली. जेवले. आईने भात पुन्हा गरम केला होता. अकरा वाजता आर्गॉन आणि टायटॅनियमचे जॉब लावले, २.२२ जीईव्ही, वाढीव आकडा काढून, आणि जोडीच्या टक्करींसाठी त्या बाई म्हणाल्या ते दुसरं गणित घालून. रांग लांब होती. मी लॅपटॉप उशाशी ठेवून आडवी झाले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

पहाटे साडेचारला जाग आली. आबा अंधारात शर्टाची बटणं लावत होते. मी झाकण उघडलं. टायटॅनियम झाला होता, आर्गॉन अर्धा. टायटॅनियमची पहिली टेकडी ठिपक्यांवर होती. दरी कालच्यापेक्षा भरलेली, तरी खालीच. डेल्टाची टेकडी वर गेलेली. ती काल माझ्या लक्षातही आली नव्हती, सगळं लक्ष दरीकडे होतं. मी वहीत तारीख घालून तिन्ही गोष्टी लिहिल्या.

आबा वाकून पडद्याकडे बघत होते.

"ह्यो डोंगर कशाचा?"

"तो वेगळा आहे आबा. त्याचं आज बघते."

"बघ," म्हणाले. छत्री घेतली, दार उघडलं. बाहेर अजून कोसळत होता. "आज बारदान भिजलेलं आसणार. येक-येक गोणी झाडून तोलाया लागंल. जेवाया थांबू नगा."